मोटरसायकलची बॅटरी: बदलण्याआधी मोजा

सेल्फ लागत नाही म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला निकाल बॅटरीवर लागतो. नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा येते. कारण बऱ्याचदा दोष बॅटरीत नसतोच. चार्जिंग कमी होत असतं, जास्त होत असतं, किंवा चावी बंद असतानाही कुठूनतरी करंट झिरपत असतो. अशा गाडीत घातलेली नवी बॅटरीही जुनीच्या वाटेने जाते. म्हणून या लेखात निवडीच्या आधी मोजणी आहे. तीनशे ते पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. बॅटरीच्या निम्म्या किमतीत येणारी ही वस्तू पुढच्या अनेक बॅटऱ्या वाचवते.

इथली माहिती १०० ते ३५० सीसीच्या, १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. स्कूटरलाही ती तशीच लागू पडते.

आधी तीन आकडे

बॅटरी सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत असते. काही स्कूटरमध्ये पाय ठेवायच्या जागेखाली. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

पहिला आकडा उभ्या गाडीचा. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी, चावी न लावता मोजा. गाडी फिरवून आणल्यावर लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि फसवतो. १२.७ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४-१२.५ असेल तर चालेल, पण चार्जिंगला लावली तर बरं. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. १२.० किंवा खाली म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे आणि आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसायला लागलाय. १०.५ च्या आसपास आकडा अडकला आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक सेल मेला असं धरा. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, पाचांची बेरीज साडेदहाच होते.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. मीटर लावलेला ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा खाली जाणारच, पण १० च्या वर राहिला पाहिजे, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमकुवत आहे. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी आणि बटण दाबताच ७-८ वर कोसळणारी बॅटरी आतून संपलेली असते. नुसतं व्होल्टेज बघून ‘बॅटरी चांगली आहे’ म्हणणारे इथेच चुकतात. मात्र हा निकाल देण्याआधी टर्मिनलचे स्क्रू हाताने हलवून पाहा. ढिला स्क्रू हुबेहूब हीच लक्षणं दाखवतो.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या, गाड्यांत आणखी एक फसवणूक होते. सेल्फ फिरतो, पण व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतो आणि इंजिन पेट घेत नाही. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक, असं समजून मग प्लग बदलला जातो, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर शंका घेतली जाते. मीटरवर सेल्फ मारतानाचा आकडा बघितला तर हा सगळा फेरा वाचतो.

तिसरा आकडा चालू इंजिनचा, आणि तोच बहुतेकजण मोजत नाहीत. इंजिन गरम झाल्यावर आरपीएम ४०००-५००० पर्यंत नेऊन धरा. बॅटरीवर १३.५ ते १४.८ दिसायला हवेत. आयडलवर थोडे कमी दिसले तर घाबरू नका. पण रेस देऊनही आकडा १३ च्या खालीच राहिला, तर चार्जिंग होत नाही: मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाची कॉइल, तिचा कनेक्टर किंवा आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, यांतलं काहीतरी बिघडलंय. आधी कनेक्टर उघडून बघा. त्याचं प्लॅस्टिक जळून तपकिरी झालेलं असेल तर दोष हाती लागला. उलट रेसबरोबर आकडा १५ च्या वर चढत गेला तर आरआर युनिट गेलं आहे. अशा गाडीत बॅटरी उकळते, बाजूने फुगते, बल्ब वारंवार उडतात. नवी बॅटरी इथे काही आठवड्यांत खराब होईल. आधी आरआर बदला.

चावी बंद असताना काय झिरपतं

तिन्ही आकडे ठीक आहेत आणि तरी दोन-चार दिवस उभी राहिली की गाडी सुरू होत नाही, अशी तक्रार असेल तर झिरप मोजा. चावी बंद करून मायनसची वायर सोडवा. मीटर करंटवर, आधी १० अँपियरच्या रेंजवर लावा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सुटलेल्या वायरीला. आकडा अगदी लहान दिसला की मिलिअँपियरच्या रेंजवर या. मीटर असा मध्ये लावलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

साध्या गाडीत १-२ मिलिअँपियर किंवा त्याहून कमी यावेत. घड्याळ आणि डिजिटल मीटर असलेल्या गाडीत थोडे जास्त. २० वगैरे दिसले तर गुन्हेगार शोधा. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला असतो: जीपीएस ट्रॅकर, सेन्सरवाला अलार्म, थेट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर. एकेक काढत जा आणि आकडा बघत राहा.

२० मिलिअँपियर ऐकायला क्षुल्लक वाटतात. हिशोब करा: दिवसाला ०.४८ अँपियर-तास (एक अँपियर करंट तासभर वाहिला की एक अँपियर-तास; बॅटरीची साठवण यातच मोजतात). ५ अँपियर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी उतरते आणि दहा-अकरा दिवसांत रिकामी होते. ३ अँपियर-तासांची असेल तर आठवडाही निघत नाही. मोबाइल चार्जर नेहमी चावीनंतर चालू होणाऱ्या वायरीवर घ्यावा, तो यासाठीच.

नवी घ्यायची तर

एवढं करून बॅटरीच दोषी ठरली, तर दुकानात गाडीचं नाव सांगून भागवू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक वेगळी बॅटरी आलेली असते. जुनीवरचा कोड बघा, शक्य असेल तर तीच काढून सोबत न्या. चार गोष्टी जुळायला हव्यात.

पहिली गोष्ट अँपियर-तास. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत ते साधारण ३ ते ५ असतात, त्यापुढच्या गाड्यांत ५ ते ९. रॉयल एनफिल्डच्या सेल्फवाल्या जुन्या मॉडेलांत १४ पर्यंत. कंपनीने दिल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. जास्तीची घेण्याचा मोह होतो, पण त्यातून फार काही मिळत नाही. मॅग्नेटो तेवढाच करंट देणार, मोठी बॅटरी खाचेत नीट बसणार नाही, आणि दाबून बसवलेली बॅटरी खड्ड्यांत हादरे खाऊन लवकर जाते.

दुसरी गोष्ट टर्मिनलची बाजू. प्लस डावीकडे की उजवीकडे, हे टर्मिनल असलेली बाजू स्वतःकडे करून पाहा. कोडमधलं एखादं अक्षर ही बाजू सांगतं आणि तेवढ्याच फरकाने दोन बॅटऱ्या वेगळ्या होतात. उलट बाजूची आणली तर वायरी पोचत नाहीत, आणि ओढून पोचवल्या तर प्लसची वायर फ्रेमला घासून शॉर्ट होते.

तिसरी गोष्ट माप. उंची विशेष बघा. टीएक्स९ कोडची बॅटरी साधारण १५० लांब, ८७ रुंद आणि १०५ मिलिमीटर उंच असते. दहा मिलिमीटर उंच बॅटरी घातली तर सीटचा पत्रा टर्मिनलवर टेकू शकतो, आणि हा शॉर्ट आग लावणारा असतो.

चौथी गोष्ट प्रकार. पाणी घालायची झाकणं असलेली जुन्या पद्धतीची बॅटरी स्वस्त पडते, पण देखभाल मागते. सीलबंद, म्हणजे व्हीआरएलए बॅटरीत पाणी घालायचं नसतं आणि ॲसिड सांडत नाही. गाडीला कंपनीकडून सीलबंद आली असेल तर पैसे वाचवायला पाण्याची बसवू नका. तिला वाफेची नळी लागते, आणि त्या नळीची वाट तुमच्या गाडीत केलेलीच नसते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत. पूर्वी बॅटरी पूर्ण मेली तरी कार्ब्युरेटरची गाडी किकने सुरू व्हायची, कारण ठिणगीचा करंट मॅग्नेटोकडून सरळ मिळायचा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू चालायलाच व्होल्टेज लागतं. त्यामुळे बऱ्याच गाड्या मेलेल्या बॅटरीवर किकलाही दाद देत नाहीत, आणि कित्येकांना आता किकच नाही. अशा गाडीत बॅटरीवर पैसे वाचवू नका.

लिथियमची बॅटरी वजनाला हलकी, किमतीला भारी. तिला नेमकं चार्जिंग व्होल्टेज लागतं, आणि आरआर थोडं जरी वाहवलं तरी तिला धोका असतो. रोज ऑफिसला जायच्या गाडीत तिची काहीही गरज नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच दोन गोष्टी करा. एक, बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जास्त काळ फळीवर पडलेली नको. दोन, मल्टिमीटर लावा. सीलबंद बॅटरी १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा, किंवा चार्ज करून द्यायला सांगा. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा काळ किती आहे यापेक्षा त्यातले किती महिने पूर्ण बदली आणि किती महिने प्रमाणात सूट, हे विचारा. ४८ महिने छापलेलं असतं, पण फुकट बदली बहुधा निम्म्या काळापुरतीच असते.

काही बॅटऱ्या कोरड्या येतात आणि ॲसिड दुकानात भरलं जातं. घाईतलं गिऱ्हाईक इथे फसतं. ॲसिड भरल्यावर किमान अर्धा तास ती तशीच ठेवायची, मग अँपियर-तासांच्या दहाव्या भागाच्या करंटने काही तास चार्ज करायची, आणि मगच गाडीत बसवायची. हातोहात भरून लावलेली बॅटरी पूर्ण ताकदीला कधीच पोचत नाही. चार्ज करायला वेळ लागेल असं दुकानदार म्हणाला, तर तो बरोबर सांगतोय. बॅटरी ठेवून या, संध्याकाळी घ्या.

बसवताना

लागतात: १० मिलिमीटरचा पाना किंवा स्टार स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन. अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा.

१. चावी बंद. आधी मायनस सोडवा, मग प्लस. उलट केलं आणि प्लसवरचा पाना फ्रेमला लागला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. मायनस आधी सुटलेली असेल तर पाना फ्रेमला लागला तरी काही होत नाही.

२. वायरींच्या टोकांवर पांढरा-हिरवा भुगा असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा घालून ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा. पाण्याच्या बॅटरीवर हे करताना झाकणं घट्ट हवीत. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं.

३. नवी बॅटरी खाचेत बसवा. तळाचा रबर जागेवर आहे ना, बघा. पट्टा ओढा. बॅटरी हाताने हलता कामा नये.

४. टर्मिनलच्या खोबणीतला चौकोनी नट स्क्रू लावताना खाली घसरतो आणि पकडीत येत नाही. नटाखाली स्पंजचा किंवा रबरी नळीचा लहानसा तुकडा सारा, तो नट वर उचलून धरतो.

५. आधी प्लस लावा, मग मायनस. घट्ट करा पण जोर नको. शिसं मऊ असतं, आटे जातात. प्लसवरची रबरी टोपी परत चढवा. ती हरवली असेल तर नवी घ्या.

६. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. आधी व्हॅसलीन आणि मग स्क्रू, असं केलं तर संपर्क बिघडतो.

पाण्याच्या बॅटरीची वाफेची नळी लावायला विसरू नका. ती चेन आणि सायलेन्सरपासून दूर, मोकळी लोंबती हवी. नळी दाबली गेली तर आत वायू कोंडून बॅटरी फुटते. नळी नसेल तर ॲसिडची वाफ फ्रेम आणि चेन खाते.

शेवटी इंजिन सुरू करून ४०००-५००० आरपीएमवर व्होल्टेज पुन्हा मोजा. नव्या बॅटरीवरचा हा आकडा वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा, पुढे तुलनेला लागतो.

चार्जिंगला लावायची तेव्हा

नियम एकच: अँपियर-तासांचा दहावा भाग. ५ ची बॅटरी असेल तर अर्धा अँपियर, ९ ची असेल तर ०.९. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा ते चौदा तास लागतात. कारचा पाच-सहा अँपियरचा चार्जर लावून तासाभरात ‘भरून’ दिलेली बॅटरी आतून तापते आणि प्लेटा वाकतात. गॅरेजमध्ये द्यायची असेल तर किती अँपियरवर लावणार, हे विचाराच. त्यापेक्षा दुचाकीसाठीचा, १ अँपियरच्या आतला, आपोआप थांबणारा चार्जर घरी असणं बरं. सीलबंद बॅटरीला १४.७ व्होल्टच्या वर नेऊ नका.

बॅटरी गाडीतून काढून, खिडकी उघडी ठेवून चार्ज करा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट नको. हात टेकवत नाही इतकी ती तापली तर थांबवा. भरल्यावर चोवीस तास तशीच ठेवून मोजा. १२.६ टिकले तर बॅटरी वाचली. १२.४ च्या खाली आली तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नका.

रोजच्या वापरात

छोट्या फेऱ्या बॅटरी मारतात. सेल्फने ६० अँपियर तीन सेकंद ओढले असं धरा. ते झाले ०.०५ अँपियर-तास. गर्दीत, कमी आरपीएमवर, सतत पेटलेला हेडलाइट भागवून बॅटरीकडे ०.३ अँपियर उरला असं धरलं, तर ही तूट भरायला दहा मिनिटं लागतात. घर ते भाजीमंडई पाच मिनिटं, दोनदा सेल्फ, परत घर: प्रत्येक फेरीत तूट वाढते. २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायची सोयही नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याने गाडी चालवा. घरासमोर आयडलवर उभी ठेवून पेट्रोल जाळण्याने हे साधत नाही. किक असेल तर दिवसाची पहिली सुरुवात किकने करा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंद सोडा.

जास्तीचे फॉगलॅम्प आणि मोठे हॉर्न रिलेशिवाय, म्हणजे जास्त करंट सांभाळणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय, जोडू नका. लहान गाडीच्या मॅग्नेटोकडे वाटून द्यायला फार वॅट नसतात.

पाण्याची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरवड्याला, पातळी बघा. दोन रेषांच्या मध्ये हवी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं, आरओचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी नको. ॲसिड तर कधीच वरून घालू नका: उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून घातलेल्या ॲसिडने दोन दिवस बॅटरी तरतरीत वाटते आणि मग प्लेटा झडतात. एकाच सेलचं पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर डबी तडकली असेल किंवा तो सेल जातोय. सहाही सेलचं भराभर कमी होत असेल तर ओव्हरचार्जिंग आहे. वरचा तिसरा आकडा पुन्हा मोजा.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभी राहणारी गाडी आणि सावलीत उभी राहणारी गाडी यांच्या बॅटरीच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. कोकणात आणि गोव्यात त्रास वेगळा: खारी दमट हवा टर्मिनल खाते. तिथे पावसाळ्याआधी आणि नंतर टर्मिनल साफ करून व्हॅसलीन लावणं चुकवू नका.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, म्हणजे पुण्यात शिकणारी मुलं सुटीत गावी जातात तशी, तर जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मायनस सोडवून टोकाला टेप गुंडाळा. दोन मिनिटांचं काम आहे. त्याहून जास्त काळ जाणार असाल तर महिन्यातून एकदा कुणाकडून तरी मोजून घ्या आणि १२.५ च्या खाली आली की चार्ज करायला सांगा. उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडलेली बॅटरी सहसा परत येत नाही.

वाटेत अडकलात तर

दुसऱ्या १२ व्होल्टच्या गाडीवरून जंप देता येतो. प्लसला प्लस जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या मायनसवरून वायर घेऊन तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूवर लावा, बॅटरीवर नको. कारवरून देत असाल तर कारचं इंजिन बंदच ठेवा. गाडी सुरू झाली की उलट क्रमाने काढा आणि घरी पोचेपर्यंत बंद करू नका. बॅटरी फुगलेली किंवा गळकी असेल तर जंप देऊच नका.

जुनी बॅटरी

तिच्यात शिसं आणि गंधकाम्ल आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेताना दुकानातच द्या आणि तिची किंमत बिलात वेगळी लिहून वजा करायला सांगा. फोडून ॲसिड गटारात ओतणाऱ्याच्या हाती ती देऊ नका. नेताना उभी धरा, प्लसवर टेप लावा. अंगावर ॲसिड उडालं तर भरपूर पाण्याने धुवत राहा; डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तिथून थेट डॉक्टरकडे जा.